लहान विमानांतील डिझेल इंजिन

मे १९३१ मध्यें अमेरिकेच्या फ्लोरिडा संस्थानांत, जॅक्सनव्हिलजवळच्या समुद्रकिनाऱ्यावरून, बेलांका बनावटीचें एक विमान उडालें. वॉल्टर लीस व फ्रेडरिक ब्रॉसी हे दोन वैमानिक त्यांत होते. तें पुन्हां जमिनीस लागलें तेव्हां ८४ तास आणि ३२ मिनिटें लोटलीं होतीं, आणि मधल्या काळांत त्यांत इंधनाचा एक थेंबही भरला गेला नव्हता. वाटेंत इंधन न घेतां आकाशांत राहण्याचा हा उच्चांक १९८६ पर्यंत अबाधित राहिला. त्या विमानाच्या नाकाशीं पॅकार्ड कारखान्याचें २२५ अश्वशक्तीचें डिझेल इंजिन होतें. इतकें यश पदरांत पडूनही पॅकार्डनें १९३३ मध्यें हें काम बंद केलें, आणि पुढें कित्येक दशकें जगांतील बहुतेक लहान विमानें पेट्रोलवरच उडत राहिलीं. जें यंत्र साडेतीन दिवस अखंड चाललें तें व्यवहारांत कां टिकलें नाहीं, आणि आज त्याची पुन्हां चौकशी कां होत आहे, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

त्यासाठीं प्रथम दोन्ही इंजिनांतील मूळ भेद ध्यानांत घेतला पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनांत हवा आणि पेट्रोलची वाफ यांचें मिश्रण सिलिंडरांत शिरतें, दट्ट्या तें दाबतो आणि विजेच्या ठिणगीनें त्याचा भडका उडतो. हें मिश्रण फार दाबलें तर तें वेळेपूर्वींच पेट घेतें. म्हणून विमानाच्या पेट्रोल इंजिनांत तें सुमारें सात ते नऊ पटच दाबतात. रुडोल्फ डिझेल यांनीं १८९७ मध्यें आउग्सबुर्ग येथें सिद्ध केलेल्या यंत्रांत ठिणगी मुळींच नाहीं. त्यांत केवळ हवा आंत घेतली जाते. आजच्या डिझेल इंजिनांत ती सोळा-अठरा पट दाबतात. सायकलच्या पंपाचें तोंड बोटानें बंद करून दट्ट्या जोरानें खालीं लोटला असतां पंप कसा तापतो, हें घरोघरींच्या मुलांस ठाऊक आहे. त्याच न्यायानें सिलिंडरांतील हवा ५०० अंश सेंटिग्रेडच्याही वर तापते, आणि तींत तेलाचा बारीक फवारा सोडतांच तें आपोआप पेटतें.

यांतून कांहीं लाभ सरळच पदरांत पडतात. अधिक दाब म्हणजे इंधनाच्या उष्णतेचा अधिक मोठा वांटा कामीं येणें. त्यामुळें तितक्याच शक्तीस इंधन कमी लागतें. डिझेलचें तेल पेट्रोलइतकें चटकन् पेट घेत नसल्यानें अपघातांत आगीचें भय कमी. ठिणगीची यंत्रणाच नसल्यामुळें तिच्यांतील बिघाडही टळतात. पॅकार्डच्या काळीं आणखी एक गुण सांगितला जात असे. पेट्रोल इंजिनाच्या ठिणग्यांनीं विमानांतील रेडिओमध्यें खरखर उमटे, ती या इंजिनांत उमटत नसे.

परंतु ज्या दाबामुळें हे गुण येतात, त्याच दाबामुळें दोषही येतात. तो सोसण्यासाठीं इंजिनाचा प्रत्येक भाग जाड व मजबूत करावा लागतो, आणि विमानांत वजनासारखें महाग कांहींच नाहीं. शिवाय प्रत्येक स्फोटाचा धक्का इतका तीव्र असतो, कीं तो पंख्याला आणि त्याच्या दांड्याला हादरवून सोडतो. पॅकार्डचें इंजिन कंपनांबद्दल आणि धुराच्या उग्र वासाबद्दल बदनाम होतें.

वजनाचा हा जमाखर्च प्रत्यक्ष मांडून पाहण्यासारखा आहे. आजचें एक प्रचलित १८० अश्वशक्तीचें पेट्रोल इंजिन सुमारें १२० किलो भरतें. ऑस्ट्रियांत तयार होणारें १६८ अश्वशक्तीचें डिझेल इंजिन सुमारें १८५ किलोंचें आहे. म्हणजे ६५ किलोंचें कर्ज उड्डाणापूर्वींच डोक्यावर बसलें. आतां दोन्ही इंजिनें १०० अश्वशक्ति देत आहेत असें धरलें, तर पेट्रोल इंजिन तासाला सुमारें २० किलो इंधन जाळील आणि डिझेल १६ किलो. तासागणिक चार किलोंची बचत. तेव्हां ६५ किलोंचें कर्ज फिटण्यास सोळा तास हवेत. लहान विमान एका दमांत चार-पांच तासांहून अधिक क्वचितच उडतें. ८४ तासांच्या उड्डाणांत डिझेल कां जिंकलें आणि रोजच्या उड्डाणांत कां हरलें, याचें उत्तर बव्हंशीं या साध्या हिशेबांत आहे.

याच कारणानें जर्मनींत हें इंजिन लांब पल्ल्याच्या विमानांत शोभून दिसलें. युंकर्स कारखान्याच्या इंजिनांत एकाच सिलिंडरांत समोरासमोर दोन दट्टे चालत. मार्च १९३८ मध्यें अशा इंजिनांचें डोर्निअर समुद्रविमान इंग्लंडच्या किनाऱ्यावरून निघून ८,३९१ किलोमीटर न थांबतां ब्राझीलला पोहोंचलें. परंतु तेंच इंजिन युंकर्सच्या लढाऊ बॉम्बफेकी विमानांत घातल्यावर, शक्ति एकाएकीं वाढविण्या-कमी करण्याच्या धांदलींत तें तितकें उपयोगी पडेना. महायुद्धानंतर मोठ्या विमानांनीं जेट इंजिन पत्करलें. पेट्रोल मुबलक होतें, तोंवर लहान विमानांत डिझेलची कोणास गरज भासली नाहीं.

आज ही गरज भासूं लागली ती वजनामुळें नव्हे, इंधनामुळें. लहान विमानांचें नेहमीचें पेट्रोल मोटारीच्या पेट्रोलहून निराळें असतें. तें अवेळीं पेटूं नये म्हणून त्यांत लिटरमागें ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसें, संयुगाच्या रूपानें, मिसळलेलें असतें. शिसें विषारी आहे, विशेषतः बालकांच्या मेंदूस. म्हणून २०३० अखेरपर्यंत असें पेट्रोल बंद करण्याचें उद्दिष्ट अमेरिकेनें ठेविलें आहे. शिवाय तें सर्वत्र मिळत नाहीं. भारतांत इंडियन ऑइलनें वडोदरा येथें तें तयार करून २०२२ मध्यें बाजारांत आणलें. तोपर्यंत तें परदेशांतून येत असे. उलट जेट विमानांचें इंधन, म्हणजे एक प्रकारचें शुद्ध रॉकेल, प्रत्येक मोठ्या विमानतळावर मिळतें, आणि विमानासाठीं बनविलेलें आजचें डिझेल इंजिन तें जाळूं शकतें.

या संधीचा पहिला मोठा लाभ जर्मनींतील थीलर्ट कंपनीनें घेतला. मर्सिडीजच्या मोटारीचें इंजिन विमानास योग्य करून १३५ अश्वशक्तीच्या त्या यंत्रास तिनें २००२ मध्यें मान्यता मिळविली, आणि ऑस्ट्रियाच्या डायमंड कंपनीनें आपल्या दोन इंजिनांच्या विमानांत तें बसविलें. धक्के शोषण्यासाठीं पंखा आणि इंजिन यांच्यामध्यें दांतेचक्रांची पेटी होती. परंतु ती दर ३०० तासांनीं तपासावी लागे. नियंत्रण सर्वस्वीं विजेवर होतें. मार्च २००७ मध्यें जर्मनींतील श्पायर येथें या जातीचें एक विमान, त्याची बॅटरी उतरली असल्यामुळें, बाहेरच्या विजेवर सुरू करण्यांत आलें. उड्डाण होतांच वैमानिकानें चाकें वर घेतलीं. त्या क्षणीं विजेचा दाब घसरला, नियंत्रक यंत्रें डळमळलीं आणि दोन्ही इंजिनें एकदम बंद पडलीं. सुदैवानें प्राणहानि झाली नाहीं. ठिणगी नको म्हणून विजेची पर्वा नको, हा भ्रम त्या दिवशीं दूर झाला. एप्रिल २००८ मध्यें कंपनीचें दिवाळें निघालें, आणि इंजिनांच्या मालकांना सुटे भाग चढ्या दरानें घ्यावे लागले. डायमंडनें तत्पूर्वींच स्वतःच्या इंजिनाचा मार्ग धरला होता. वर सांगितलेलें १६८ अश्वशक्तीचें इंजिन तें हेंच. त्यास २००९ मध्यें मान्यता मिळाली. अमेरिकेंत डेल्टाहॉक कंपनीच्या १८० अश्वशक्तीच्या इंजिनास २०२३ मध्यें मान्यता मिळाली, त्याचा आराखडा मात्र आरंभापासून विमानासाठींच केलेला आहे.

मग लहान विमानांत डिझेल व्यवहार्य आहे काय? याचें उत्तर विमान किती तास उडणार यावर अवलंबून आहे. वरील हिशेबांतील इंधन लिटरांत मोजलें तर पेट्रोल तासाला सुमारें २८ लिटर लागतें आणि जेट इंधन २०. जो हौशी मालक वर्षाला पन्नास तास उडतो, त्याचे वर्षाकांठीं ४०० लिटर वांचतील. तेवढ्यानें महाग इंजिनाची किंमत लवकर निघणार नाहीं. परंतु ज्या उड्डाणशाळेचें विमान वर्षाला ८०० तास आकाशांत असतें, तिचे ६,४०० लिटर वांचतात. महाराष्ट्रांत गोंदियाजवळील बिरसी विमानतळावरच्या उड्डाणशाळेंत डायमंडचीं दोन इंजिनांचीं विमानें शिक्षणासाठीं आलीं, यांत म्हणूनच नवल नाहीं. मात्र अशा शाळेनें खरेदीपूर्वीं इंजिनाची अश्वशक्ति विचारून थांबूं नये. त्याचे सुटे भाग किती दिवसांत मिळतील, तें उघडून दुरुस्त करणारा कारागीर जवळ आहे काय आणि त्याचा कर्ता कारखाना दहा वर्षांनीं उभा असेल काय, हेंही तिनें विचारावें. यंत्र चालतें कीं नाहीं, ही शंका लीस आणि ब्रॉसी यांनीं १९३१ मध्येंच फेडली आहे.