जुना ट्रॅक्टर घ्यायचा, पण कोणता?



बैल घ्यायचा झाला तर आपण बाजारात आधी त्याचे दात बघतो, खांदा बघतो, चार पावले चालवून बघतो. जुना ट्रॅक्टर घेताना मात्र पुष्कळांची नजर ताज्या रंगावरच खिळते. पाच-दहा एकरांच्या धन्याला नव्या ट्रॅक्टरचा हप्ता झेपत नाही. म्हणून पैसे साठवून पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा एखादा ट्रॅक्टर घ्यावा, असा विचार विदर्भातल्या अनेक घरांत चालतो. विचार वाईट नाही. पण कोणत्या ट्रॅक्टरसाठी पैसे साठवायचे, हे आधी ठरले पाहिजे. नाहीतर चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला अशी गत होते.

हे जुने ट्रॅक्टर आले कुठून, ते थोडक्यात पाहू. भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर १९५९ साली फरिदाबादच्या आयशर कारखान्यातून बाहेर पडला. पुढे मद्रासच्या टाफे कंपनीने मॅसी फर्ग्युसन काढला. १९६३ साली महिंद्रांच्या भागीदारीत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी उभी राहिली आणि मुंबईत कांदिवलीला बी-२७५ तयार होऊ लागला. एस्कॉर्ट्सने फोर्ड आणला. १९७१ साली पिंजोरला एच.एम.टी.ने झेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या धर्तीवर २५११ सुरू केला. १९७४ साली पंजाबातून स्वराज ७२४ आला. त्याचा आराखडा परदेशातून आणलेला नव्हता. तो दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत आपल्याच इंजिनियरांनी केला होता.

आता यांतला आपला कोणता? त्यासाठी स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न, वावरात काम कोणते? आपली काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी होते. तिच्यात दोन फाळांचा पलटी नांगर खोल घालायचा, तर पंचवीस अश्वशक्ती अपुरी पडते; पस्तीस-चाळीस तरी हवी. पण वखरणी, पेरणी आणि ट्रॉली एवढेच काम असेल, तर स्वराज ७२४ किंवा एच.एम.टी. २५११ यांच्या ताकदीचा ट्रॅक्टर पुरतो. काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या ओळींतून फिरायलाही लहानच बरा. मोठा फांद्या मोडतो. शिवाय वाफसा नसताना जड ट्रॅक्टर घातला तर काळी माती दडपून घट्ट होते, हेही ध्यानात असू द्या.

दुसरा प्रश्न, बिघडला तर बांधणार कोण? माझ्या मते हाच सर्वांत मोठा प्रश्न आहे. पेरणीच्या आठवड्यात ट्रॅक्टर एका वॉशरसाठी आठ दिवस उभा राहिला, तर त्याचा स्वस्तपणा काय कामाचा? तेव्हा आधी तालुक्याच्या गावी जा. मिस्त्रीला विचारा, ‘बाबा, तुझ्या हाताखालून कोणते ट्रॅक्टर जातात?’ सुट्या भागांच्या दुकानात विचारा, कोणत्याचे रिंगा-लायनर फळीवर असतात? महिंद्रा २७५, मॅसी १०३५ आणि स्वराज या घराण्यांचे ट्रॅक्टर अजून बनत आहेत. महिंद्राचा तर नागपूरला हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत कारखानाच आहे. एच.एम.टी. मजबूत खरा, पण पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. त्याचे सुटे भाग आपल्या तालुक्यात मिळतात का, हे पाहिल्याशिवाय त्याला हात लावू नये. नाव तेच असले तरी जुना आणि नवा भाग एकच असेल, असेही धरून चालू नका. बी-२७५चे सुरुवातीचे इंजिन चार सिलिंडरचे, पुढचे तीनचे. दुकानात जाताना जुना भाग पिशवीत न्यावा.

आयशरच्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला रेडिएटर नाही. पाण्याची कटकट नाही. परंतु नागपूरच्या मे महिन्यात त्याच्या पात्यांत भूस आणि धूळ साचली, की ते तापलेच म्हणून समजा. रोज साफसफाई करणाऱ्यानेच ते घ्यावे. एखादा जुना फोर्ड किंवा परदेशी झेटर हौसेने सांभाळणाराही असतो. हौस जरूर करावी, पण तिचा खर्च शेतीच्या हिशेबात मांडू नये.

तिसरा प्रश्न पैशाचा. शिक्षक मित्रांनी हे गणित वर्गात फळ्यावर मांडावे. समजा, भाड्याच्या ट्रॅक्टरवर घराचे वर्षाला २०,००० रुपये जातात. स्वतःच्या ट्रॅक्टरचे डिझेल, ऑइल, विमा आणि दुरुस्ती मिळून १४,००० होतात. म्हणजे वर्षाला ६,००० वाचले. ट्रॅक्टर दीड लाखाचा असेल तर ते फिटायला २५ वर्षे! शेजाऱ्यांची कामे मिळणार असतील किंवा दोघा भावांनी मिळून घ्यायचा असेल, तरच हे गणित जुळते. नसेल जुळत, तर भाड्याचा ट्रॅक्टर बरा. त्यात कमीपणा नाही. आणि साठवलेले सगळे पैसे खरेदीत घालू नका. चार रुपयांतला एक रुपया पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा.

आता तपासणी. सकाळी, इंजिन थंड असताना जा. मालकाने आधीच गरम करून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. भार पडताच क्षणभर काळा धूर येणे साहजिक आहे. निळसर धूर येतच राहिला तर इंजिन ऑइल खात आहे, असे समजा. ऑइलची पट्टी ओढून बघा. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. लिफ्टवर नांगर उचलून इंजिन बंद करा. नांगर लगेच खाली बसू लागला, तर हायड्रॉलिकचे काम निघाले. मागच्या टायरांची झीज पाहून किंमत पाडून मागा, कारण ते महाग असतात.

शेवटी कागद. आर.सी. बुकातले इंजिन आणि चासीचे नंबर प्रत्यक्ष लोखंडावरच्या नंबरांशी ताडून पाहा. बँकेचा बोजा उतरला आहे का, पंधरा वर्षांनंतरचे नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे का, हे विचारा. ते दर पाच वर्षांनी करावे लागते. परप्रांतातला ट्रॅक्टर असेल तर तिकडच्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला हवा. नोंदणी आपल्या नावावर होईपर्यंत पूर्ण रक्कम हातावर ठेवू नका. वाचता न येणाऱ्या शेतकऱ्याबरोबर गावच्या गुरुजींनी एक दिवस गेले, तर त्याची कित्येक वर्षांची पुंजी वाचेल.

तेव्हा कापसाचे पैसे हाती आले, की ट्रॅक्टर बघायला धावू नका. आधी तालुक्याला जाऊन मिस्त्रीला भेटा, घरी बसून हिशेब मांडा, आणि मगच ट्रॅक्टर बघायला निघा.