हिवाळी शिकारी पक्ष्यांची ओळख : दीडशे वर्षांचा मागोवा

दख्खनच्या माळांवर हिवाळ्यात उतरणारे शिकारी पक्षी ओळखण्याची रीत गेल्या दीडशे वर्षांत मुळापासून बदलली. एकोणिसाव्या शतकात पक्षी आधी बंदुकीने पाडला जाई आणि मग ओळखला जाई. जर्डन यांचा ‘बर्ड्‌स ऑफ इंडिया’ (१८६२–६४) आणि ह्यूम यांचा १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला गेलेला प्रचंड संग्रह याच काळातले. पिसांचे रंग आणि पंखांची मापे त्यांतून नेमकी कळली. पण उंच घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यासमोर ही मापे निरुपयोगी ठरत.

सालिम अलींच्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ने (१९४१) जिवंत पक्षी न्याहाळण्याची गोडी लावली. रिपली यांच्यासह लिहिलेल्या ‘हँडबुक’चा शिकारी पक्ष्यांचा समावेश असलेला पहिला खंड १९६८ मध्ये आला. खरे वळण मात्र १९७४ चे. पोर्टर आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या शिकारी पक्ष्यांवर लिहिलेल्या पुस्तकाने रंगाइतकेच महत्त्व पंखांची ठेवण, टोकाची ‘बोटे’ आणि उडण्याची ढब यांना दिले. त्यांतले कित्येक पक्षी हिवाळ्यात भारतातही येत असल्याने ही दृष्टी इथेही लागू पडली.

तिची कसोटी भोवत्या, म्हणजे हॅरियर, या गटात लागते. पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे उचलून गवतालगत तरंगणारा पक्षी हॅरियर, हे दुरूनही कळते. पाणथळीवरची मार्श हॅरियरची गडद तपकिरी मादी पिवळसर डोक्यामुळे सहज ओळखू येते. राखाडी नरांमध्ये पंखावर आडवी काळी पट्टी असेल तर तो माँटेग्यू. पट्टी नसून टोकाला फक्त अरुंद काळी पाचर असेल तर पॅलिड. माद्या आणि पिल्ले मात्र अनुभवी निरीक्षकालाही चकवतात. दोन्ही जातींत रंग तपकिरी, कमरेवर पांढरा डाग. पॅलिडच्या पिल्लाच्या मानेभोवती फिकट कंठा आणि त्यामागे गडद पट्टा असतो. माँटेग्यूच्या पिल्लाला तो स्पष्ट कंठा नसतो.

रिशाद नौरोजी यांच्या २००६ च्या ग्रंथाने भारतीय उपखंडातल्या शिकारी पक्ष्यांची माहिती एकत्र आणली. त्याच सुमारास डिजिटल कॅमेरे हाती आले आणि क्षणात निघून जाणारा पक्षी घरी बसून तपासता येऊ लागला. मादीच्या पंखाखालचे पट्टे फोटो मोठा करून पाहता येतात : माँटेग्यूत ते अंगापर्यंत ठळक आणि सुटे राहतात, पॅलिडमध्ये अंगाकडे गडद होत मिसळतात.