तीन खेळांची एक शर्यत : पहिली तयारी

मंडळी, पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे, या तिन्ही गोष्टी आपल्या खेड्यांना नव्या नाहीत. विहिरीत सूर मारणारी मुले, बाजाराच्या गावी सायकल हाणीत जाणारा गडी, शाळेची घंटा चुकू नये म्हणून धावत सुटलेली पोरे आपण नेहमीच पाहतो. पण ही तिन्ही कामे एकापाठोपाठ एक, मध्ये बसकण न मारता करायची, आणि पाण्यातून निघून सायकलीवर बसेपर्यंतचा वेळही हिशेबात धरायचा, अशी एक शर्यत आहे. तिला ट्रायथलॉन म्हणतात.

ही शर्यत तशी अलीकडची. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील सॅन डिएगो शहरात, मिशन बे नावाच्या खाडीकाठी ती पहिल्यांदा या नावाने झाली. भाग घेणारे होते ४६ जण. पुढे १९७८ साली हवाई बेटांवर तिचे थोरले भावंड जन्माला आले, ते ‘आयर्नमन’. त्यात ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे! पहिल्या वर्षी १५ जण निघाले, १२ पोहोचले. २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉनला जागा मिळाली. २०१९ साली आयर्नमनच्या निम्म्या अंतराची शर्यत गोव्यात, पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर भरली.

हे मोठे आकडे ऐकून कोणी दचकू नये. नवख्यासाठी धाकटी शर्यत असते, तिला ‘स्प्रिंट’ म्हणतात. ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणे. आज आपण बोलणार आहोत ते हिच्या तयारीबद्दल.

आता प्रश्न असा, की सुरुवात कोठून करावी? बहुतेक जण जे चांगले येते तेच पुन्हा पुन्हा करतात. धावणारा धावत राहतो, सायकलवाला सायकलीवरून उतरत नाही. माझे सांगणे उलट आहे. जे कच्चे आहे तेथून सुरुवात करा. आणि आपल्यापैकी पुष्कळांचे कच्चे असते ते पाणी.

तुम्ही म्हणाल, आम्ही तर लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो. खरे आहे. पण विहिरीत आपण पोहतो ते डोके वर काढून, चार हात मारले की कडेचा दगड धरून. ७५० मीटर म्हणजे पन्नास मीटरच्या तलावात पंधरा फेऱ्या. डोके वर ठेवले की पाय खाली जातात, अंग पाण्यात उभे राहते आणि दम लवकर संपतो. म्हणून पहिला धडा श्वासाचा. तोंड पाण्यात ठेवून श्वास सावकाश नाकातोंडातून सोडायचा, आणि मान जराशी बाजूला वळवून आत घ्यायचा. आरंभी पंचवीस मीटर पोहावे, थांबावे, दम खावा, पुन्हा पोहावे. वेग आपोआप येतो, त्याच्या मागे लागू नये.

दुसरा धडा थांबण्याचा. तो पोहण्याइतकाच महत्त्वाचा आहे. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळात ट्रायथलॉनमध्ये घडलेले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याचे प्रसंग संशोधकांनी तपासले. अशा १३५ प्रसंगांपैकी ९० पोहताना घडले होते. तेव्हा छातीत धडधड वाढली, श्वास कोंडल्यासारखा झाला, तर ताबडतोब पाठीवर उताणे व्हावे, तरंगत राहावे आणि हात वर करून मदत मागावी. शर्यतीत बचावाची होडी धरून विसावा घेण्याचीही मुभा असते. होडीने पुढे मात्र ओढून नेता कामा नये. नदीत, धरणात किंवा समुद्रात एकट्याने सराव कधीही करू नये. सोबत चांगला पोहणारा हवा, शक्य तर होडी हवी. पावसाळ्यातल्या गढूळ, वाहत्या पाण्याच्या वाटेला तर जाऊच नये. चाळिशी ओलांडलेल्यांनी, किंवा ज्यांना छातीत दुखण्याची, चक्कर येण्याची तक्रार आहे त्यांनी, सरावापूर्वी डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्यावे. यात भित्रेपणा नाही, शहाणपण आहे.

सायकलीसाठी मोठा खर्च नको. घरची साधी सायकल पहिल्या वेळेस चालते. तिचे ब्रेक धड असावेत, चाकांत हवा पुरेशी असावी. बैठकीची उंची अशी ठेवा, की टाच पायडलवर टेकवून ते अगदी खाली नेले असता पाय सरळ व्हावा. हेल्मेट मात्र हवेच. शर्यतीत सायकल जागेवरून उचलण्याआधीच हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली अडकवावा लागतो, तसा नियम आहे.

धावण्याची सवय नसेल तर एक मिनिट धावावे, दोन मिनिटे चालावे, असे वीस मिनिटे. धावताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला, असे समजावे.

जो शंभर मीटर पोहू शकतो, त्याला साधारण बारा आठवडे पुरतात. ज्याला पोहताच येत नाही, त्याने आधी पोहायला शिकावे, मग आठवडे मोजावेत. आठवड्यात दोन दिवस पोहणे, दोन दिवस सायकल, दोन दिवस धावणे आणि एक दिवस पूर्ण विश्रांती. दर आठवड्याला थोडेसेच वाढवावे, आणि तीन आठवडे वाढवले की चौथ्यात कमी करावे. नांगरट झालेल्या जमिनीला आपण उन्हात तापू देतो, तसेच हे. अंग तयार होते ते विश्रांतीत.

आठव्या आठवड्यानंतर दोन खेळ जोडायला लागा. सायकलीवरून उतरताच दहा मिनिटे धावून पाहा. पाय आपले नाहीतच असे वाटेल, जणू शिसे भरले आहे. घाबरू नका, थोडे अंतर गेले की पाय मोकळे होतात. हा अनुभव शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा येऊ नये, एवढ्यासाठीच हा खटाटोप. शेवटच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणावा. शर्यतीच्या दिवशी नवे बूट नकोत आणि नवे खाणेही नको. सरावात जी भाकरी, जे केळे पचले, तेच बरे.

शिक्षकबंधूभगिनींना एक विनंती. मैदानावर दोनशे मीटरची फेरी टेपने मोजून आखून द्या. पंचवीस फेऱ्या झाल्या की पाच किलोमीटर झाले. मुलांना वहीत रोजचे अंतर लिहायला लावा. त्यांना पहिला धडा मात्र पाठीवर तरंगण्याचा मिळू द्या, आणि तोही जाणत्या पोहणाऱ्याच्या देखरेखीखाली. शर्यत कोणी करील, कोणी करणार नाही. पण पाण्यात पडल्यावर न घाबरता तरंगणारे मूल घरी परत येते. पहिल्या शर्यतीतही कितवा नंबर आला हे विचारू नये. सुखरूप पुरी केली, एवढे पुष्कळ झाले.