चौघांचं एक नाव

वाईहून पसरणीचा घाट चढायला लागलं, की आमच्या घरातली तरुण मंडळी एका माणसाविषयी बोलायला लागतात. वर पाचगणीला सेंट पीटर्स नावाची जुनी निवासी शाळा आहे. १९५५ साली दूर झांजिबारहून एक पारशी मुलगा या शाळेत आला. घरचं नाव फारुख बल्सारा. शाळेतल्या मित्रांबरोबर त्यानं 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला, त्यात तो पियानो वाजवी. १९६४च्या झांजिबारमधल्या क्रांतीनंतर त्याचं कुटुंब इंग्लंडला गेलं. पुढे जगानं त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं आणि त्याच्या बँडला 'क्वीन' म्हणून.

मागच्या खेपेला याच घाटात माझा भाचा आणि माझी मुलगी यांची जुंपली. भाचा म्हणाला, "मामू, क्वीन १९९१ सालीच संपला. फ्रेडी गेला, बँड गेला. त्यानंतर चाललंय ते नुसतं दुकान." मुलगी उसळून म्हणाली, "बँड चौघांचा होता. एक गेला म्हणून बाकीच्यांनी काय वाद्यं विकायची? अब्बा, तुम्हीच सांगा." घाटात गाडी चालवणाऱ्या माणसाला न्यायाधीश करू नये. वर पोचल्यावर सांगतो म्हणालो आणि वळणं मोजत राहिलो. त्या दिवशी जे तुटक सांगितलं, तेच आज जरा नीट मांडतो.

आधी बँड म्हणजे काय, ते पाहू. आपल्याकडे सिनेमाच्या गाण्यात सगळे हिशोब वेगळे असतात. गीतकार वेगळा, संगीतकार वेगळा, गायक वेगळा. तिथं चौघं-पाचजण मिळून एक नाव घेतात आणि जे काही करतील त्यावर ते एकच नाव लावतात. आम्हा शायरीत वावरणाऱ्यांना ही गोष्ट पटकन समजते. गझलच्या शेवटच्या शेरात शायर आपला तखल्लुस गुंफतो. अभंगात 'तुका म्हणे' येतं. ती कवीची मुद्रा. बँडचं नाव म्हणजे चौघांनी मिळून घेतलेला एकच तखल्लुस.

पण एका नावाखाली दोन माणसं आली तरी घोटाळा होतो. गालिब सुरुवातीला 'असद' या नावानं लिहीत. त्याच नावाच्या दुसऱ्या शायराचा शेर लोक त्यांच्या नावावर खपवू लागले, म्हणून त्यांनी नाव बदललं, असं सांगतात. तुकोबांच्या गाथेत कुठले अभंग त्यांचे आणि कुठले मागाहून येऊन चिकटले, यावर अभ्यासकांचे वाद अजून चालू आहेत. मग चार माणसांचं एक नाव असेल आणि त्यातला एक गेला, तर ते नाव कोणाचं?

क्वीनपुरतं बोलायचं तर हे नाव फ्रेडीनंच सुचवलं, १९७० साली लंडनमध्ये. गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांचा आधी 'स्माइल' नावाचा बँड होता. त्यांना फ्रेडी येऊन मिळाला. १९७१ साली बेस गिटार वाजवणारा जॉन डीकन आला आणि चौकडी पूर्ण झाली. फ्रेडी कलाशाळेत शिकलेला. बँडचं बोधचिन्ह त्यानंच काढलं. त्यात त्यानं चौघांच्या राशी घातल्या. डीकन आणि टेलर सिंह राशीचे, म्हणून दोन सिंह. मे कर्क राशीचा, म्हणून खेकडा. स्वतः कन्या राशीचा, म्हणून दोन पऱ्या. नाव ठेवणाऱ्यानंच त्या नावात चौघांना बसवलं, हा माझ्या मुलीच्या बाजूचा पहिला पुरावा.

दुसरा पुरावा गाण्यांचा. पुष्कळांना वाटतं, की क्वीनची सगळी गाणी फ्रेडीची. तसं नाही. 'बोहेमियन रॅप्सडी' आणि 'वुई आर द चॅम्पियन्स' त्याची. पण 'वुई विल रॉक यू' हे मे याचं. १९७७ साली एका कार्यक्रमानंतर प्रेक्षकांनीच बँडसाठी गाणं म्हटलं. त्यावरून मे याला सुचलं, की लोकांनाच वाजवता येईल असं काहीतरी करावं. दोनदा पाय आपटायचे, एकदा टाळी. कव्वालीच्या बैठकीत वाढलेल्या माणसाला टाळीची ताकद वेगळी सांगावी लागत नाही. 'अनदर वन बाइट्स द डस्ट' हे डीकनचं, 'रेडिओ गागा' टेलरचं. चौघांपैकी प्रत्येकानं लोकांच्या तोंडी बसलेलं गाणं दिलं, असे बँड फार थोडे.

आणि इथंच भांडणंही होती. 'बोहेमियन रॅप्सडी' १९७५ साली तबकडीवर निघालं आणि ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. तबकडीच्या मागच्या बाजूला टेलरचं एक गाणं होतं. नियम असा, की तबकडी विकली गेली, की दोन्ही बाजूंच्या गीतकारांना सारखाच मोबदला. लोक घेत होते पुढच्या बाजूसाठी, पण पैसे मागच्या बाजूलाही तितकेच मिळत होते. त्यावरून कुरबुरी झाल्या, पुढच्या गाण्यांच्या वेळीही होत राहिल्या. अखेर १९८९च्या 'द मिरॅकल' या संग्रहापासून त्यांनी ठरवलं, की यापुढे गाणं कोणीही लिहो, गीतकार म्हणून नाव एकच: क्वीन. इतकी वर्षं बँडचं असलेलं नाव आता खऱ्या अर्थानं तखल्लुस झालं. हे ठरवलं तेव्हा फ्रेडी आजारी होता आणि ते चौघांनाही ठाऊक होतं.

आता भाच्याची बाजू. ती हलकी नाही. त्यानं 'लेड झेपलिन'चा दाखला दिला. सप्टेंबर १९८० मध्ये त्यांचा ड्रमवादक जॉन बॉनम वारला आणि डिसेंबरमध्ये उरलेल्या तिघांनी जाहीर केलं, की आम्ही थांबतो. तो काही मुख्य गायक नव्हता. तरीही ते थांबले. २००७ साली लंडनमध्ये पूर्ण कार्यक्रम केला तो एकच, आणि ड्रमवर बसवलं बॉनमच्या मुलाला. भाचा म्हणतो, इमान असावं तर असं. आणि फ्रेडीची जागा भरून काढणार कोण? १३ जुलै १९८५ रोजी वेम्बलीच्या मैदानावर, 'लाइव्ह एड'च्या कार्यक्रमात, सत्तर हजारांहून जास्त माणसांना त्यानं वीस-एकवीस मिनिटं मुठीत ठेवलं. ती चित्रफीत पाहिली, की भाच्याशी वाद घालायचं बळ कमी होतं.

पण 'पिंक फ्लॉइड' पाहा. सिड बॅरेट या तरुणानं दोन ब्लूज गायकांची नावं जोडून ते नाव तयार केलं. सुरुवातीची बहुतेक गाणी त्याची. मन:स्वास्थ्य बिघडल्यामुळे १९६८ साली त्याला बँड सोडावा लागला. भाच्याचा नियम लावला तर पिंक फ्लॉइड तिथंच संपायला हवा होता, आणि १९७३चा 'द डार्क साइड ऑफ द मून' जगाला मिळालाच नसता. पुढे १९८५ साली रॉजर वॉटर्स बाहेर पडला आणि आपण गेल्यावर ते नाव कोणी वापरू नये म्हणून कोर्टात गेला. १९८७च्या अखेरीस तडजोड झाली. नाव गिलमोर आणि मेसन यांच्याकडे राहिलं. या सगळ्या काळात ज्यानं ते नाव ठेवलं, तो बॅरेट केंब्रिजमध्ये आपल्या घरी एकांतात राहत होता. त्याला कोणी विचारलं असेल, असं वाटत नाही.

म्हणजे मूळ माणूस गेला की नाव संपलं, हा नियम टिकत नाही. आणि थांबणं हेच इमान, असंही सरसकट म्हणता येत नाही. मग कसोटी काय?

माझ्या मते ती फ्रेडीच्या शेवटच्या महिन्यांत सापडते. १९९१च्या मे महिन्यात तो स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी बँडच्या स्टुडिओत गात होता. उभं राहणं कठीण झालं होतं. तरी तो सांगत होता, मला गायला द्या, बाकीचं तुम्ही मागाहून पुरं करा. 'मदर लव्ह' या गाण्याचं शेवटचं कडवं त्याच्याकडून राहूनच गेलं. २४ नोव्हेंबरला तो एड्सनं गेला, वय ४५. आजार काय आहे, हे त्यानं आदल्याच दिवशी जाहीर केलं होतं. ते राहिलेलं कडवं मे यानं स्वतःच्या आवाजात गायलं आणि १९९५ साली 'मेड इन हेवन'मध्ये ते गाणं आलं. ऐकताना आवाज बदलल्याचं सरळ कळतं. कोणी फ्रेडीची नक्कल केली नाही. पोवाड्यात शाहिराचा दम संपला, की झीलकरी ओळ उचलतो, पण तो शाहिराचा आवाज काढत नाही. आपल्याच आवाजात उचलतो. हे मला प्रामाणिक वाटतं.

पुढे डीकन १९९७ नंतर बाजूला झाला आणि शांत राहिला. मे आणि टेलर यांनी २००४ ते २००९ पॉल रॉजर्स या गायकाला घेऊन कार्यक्रम केले. २०१२ पासून ॲडम लॅम्बर्टबरोबर पूर्ण कार्यक्रम सुरू झाले, फेब्रुवारी २०२४ मध्ये जपानपर्यंत. पण जाहिरातीवर नाव काय लावलं? 'क्वीन अधिक पॉल रॉजर्स', 'क्वीन अधिक ॲडम लॅम्बर्ट'. मधे बेरजेचं चिन्ह. नवा गायक क्वीन झाला नाही, क्वीनमध्ये मिळवला गेला. कार्यक्रमात एका गाण्याला मे एकटा गिटार घेऊन बसतो आणि पडद्यावर फ्रेडी येऊन गातो. तिकीट घेणाऱ्याला आपण काय पाहतो आहोत, ते माहीत असतं. भाच्याला मी म्हणालो, "हे दुकान असेल, पण मापात खोट नाही."

यात पैसा नाही, असं मी म्हणत नाही. २०२४ साली क्वीनच्या गाण्यांचे हक्क सोनी कंपनीनं सुमारे एक अब्ज पौंडांना घेतल्याच्या बातम्या आल्या. एवढ्या रकमेला वारसा म्हणायचं की मालमत्ता, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

माझी खरी तक्रार दुसरीच आहे. २०१८ साली 'बोहेमियन रॅप्सडी' हा चित्रपट आला, त्याला चार ऑस्कर मिळाली. मे आणि टेलर त्याच्या संगीताचे कार्यकारी निर्माते होते. त्यात दाखवलंय, की फ्रेडीनं एकट्यानं गाण्याचा करार करून मित्रांना दगा दिला, बँड फुटला आणि 'लाइव्ह एड'च्या आधी त्यानं आपल्या आजाराची कबुली देऊन सगळ्यांना पुन्हा जोडलं. प्रत्यक्षात क्वीनचा दौरा १९८५च्या मे महिन्यापर्यंत चालू होता. स्वतःच्या नावानं संग्रह काढणारा पहिला माणूस टेलर होता, १९८१ साली. आणि आजाराचं निदान झालं ते 'लाइव्ह एड'नंतर, १९८७च्या सुमारास.

मित्रहो, मी बी.ए.ला असताना एका मित्रानं दिलेल्या कॅसेटवर 'बोहेमियन रॅप्सडी' पहिल्यांदा ऐकलं. इंग्रजी निम्मंच कळत होतं. मधेच आमच्या घरात पहिला घास घेण्याआधी म्हणतात तो शब्द कानावर आला आणि मी दचकलो. कॅसेट मागे फिरवून पुन्हा ऐकली. पाचगणीला शिकलेला एक पारशी माणूस लंडनमध्ये बसून तो शब्द गात होता. त्यानं हा शब्द का घातला, हे त्यानं कधी उलगडून सांगितलं नाही. आता तो सांगायला नाही. म्हणूनच मागे राहिलेल्यांवर जबाबदारी येते. त्यांनी गाणी गात राहावं, नवा गळा जोडावा, माझी हरकत नाही. पण गेलेला माणूस आपली बाजू मांडू शकत नाही, आणि गोष्ट सांगायची लेखणी जिवंत असलेल्यांच्या हातात असते. त्या लेखणीनं दगा त्याच्या पदरात टाकला, तिथं वारशाला धक्का लागला. आवाज बदलल्यानं तो लागला नव्हता.

हा माझा निकाल. वर पोचल्यावर शाळेच्या फाटकासमोर गाडी थांबवून मी तो दोघांना सांगितला. मुलीला अर्धाच पटला, कारण तिला तो चित्रपट आवडतो. भाच्याला तर मुळीच पटला नाही. "मामू, तुम्ही कवी लोक दोन्हीकडून बोलता," म्हणाला. उतरताना मात्र त्यानं गाडीच्या दारावर दोनदा थाप दिली आणि मुलीनं मागून टाळी वाजवली. घाट संपेपर्यंत दोघांचं तेच चाललं होतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)