भाडेवाढीची नोटीस : पंधरा दिवस, तीन महिने की नव्वद दिवस?

"पुढच्या महिन्यापासून पाचशे रुपये जास्त द्या, नाहीतर खोली खाली करा." घोडेगावात खोली घेऊन राहणाऱ्या आपल्या मुलामुलींना भाडेवाढ बहुधा अशीच कळते, जिन्यात उभ्याउभ्या किंवा फोनवर. तालुक्याचे ठिकाण असल्याने इथे तहसील, न्यायालय, आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय, महाविद्यालय आहे. शिकायला आणि नोकरीला आलेल्यांना खोली लागतेच. वाद झाला की मोबाईलवर तीन आकडे फिरू लागतात : पंधरा दिवस, तीन महिने, नव्वद दिवस. तिन्ही आकडे खरे आहेत, पण महाराष्ट्रात त्यातला एकही भाडेवाढीच्या नोटिशीचा नाही.

तीन महिन्यांचा आकडा आदर्श भाडेकरार कायद्यातला. केंद्रीय मंत्रिमंडळाने 2 जून 2021 रोजी त्याला मंजुरी दिली. करारात वेगळे ठरले नसेल तर भाडे वाढवण्याच्या तीन महिने आधी लेखी नोटीस द्यावी, असे त्यात आहे. तरतूद चांगली आहे, पण तो राज्यांसाठीचा नमुना आहे. राज्याने तसा कायदा केल्याशिवाय तो कोर्टात चालत नाही. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 आहे.

नव्वद दिवस याच 1999 च्या कायद्यातले, कलम 15 मधले. भाडे थकले तर मालकाने लेखी मागणी करायची आणि नव्वद दिवस उलटल्याशिवाय दावा लावायचा नाही, असा तो नियम आहे. वाढीबद्दल हा कायदा कलम 11 मध्ये बोलतो : मालकाला वर्षाला 4 टक्के वाढ करता येते. समजा भाडे 3000 आहे, तर वाढ 120 रुपये होते, पाचशे नव्हे. मात्र हे संरक्षण सगळ्या गावांना सरसकट नाही. कायद्याच्या परिशिष्टांत दिलेल्या क्षेत्रांपुरतेच ते आहे. तेव्हा आधी आपले गाव परिशिष्टात आहे का, हे वकिलाकडून पाहून घ्यावे आणि मगच 4 टक्क्यांवर भांडावे.

जिथे हे संरक्षण नाही तिथे मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 लागतो. पंधरा दिवस त्याच्या कलम 106 मधले. महिन्याच्या भाड्याने, लेखी कराराशिवाय चाललेली भाडेदारी संपवायची तर पंधरा दिवसांची नोटीस लागते. ती लेखी हवी, सहीची हवी, आणि दिवस मोजायचे ते नोटीस मिळाल्यापासून. पोस्टाने किंवा हातात द्यायची, घरच्या माणसाकडे दिली तरी चालते. ते जमतच नसेल तर दारावर चिकटवता येते. म्हणजे मालक एकट्याच्या मर्जीने भाडे वाढवू शकत नाही. तो भाडेदारी संपवण्याची नोटीस देऊ शकतो आणि नव्या दराने राहायचे का, असे विचारू शकतो. खरा दबाव इथेच आहे. तो कमी लेखू नये.

नोटिशीची मुदत संपली म्हणून कुलूप घालता येत नाही. ताबा हवा तर दावा करावा लागतो. जबरदस्तीने बाहेर काढले तर विशिष्ट अनुतोष कायदा, 1963 च्या कलम 6 खाली भाडेकरूला सहा महिन्यांच्या आत ताब्यासाठी दावा करता येतो.

आता अकरा महिन्यांचा कागद, म्हणजे लिव्ह अँड लायसन्स. तो करणाऱ्याला वरचे नव्वद किंवा पंधरा दिवस मिळत नाहीत. त्याच्यासाठी कागदच कायदा. मुदतीत वाढ करण्याची अट त्यात नसेल तर मध्येच भाडे वाढत नाही. मुदत संपली की मात्र मालक नवा दर सांगू शकतो आणि पटला नाही तर खोली सोडावी लागते. म्हणून सही करण्याआधी वाढीचे आणि आगाऊ सूचनेचे कलम वाचा. नसेल तर "एक महिना आधी लेखी सूचना" एवढी ओळ घालून घ्या. करार नोंदवण्याची जबाबदारी कलम 55 ने मालकावर टाकली आहे. नोंदणीकृत लेखी करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. अनेक मालकांना हे माहीत नसते. जुन्नरच्या लेण्यांत दान कोणाचे आणि ठेव कोणत्या श्रेणीकडे, हे दगडावर कोरून ठेवले आहे. आपण स्टॅम्प पेपर टाळतो.

तोंडी वाढ सांगितली तर लगेच जादा पैसे देऊ नका. एकदा दिले की ती संमती ठरू शकते. जुने भाडे वेळेवर, बँक खात्यावर, महिन्याचे नाव लिहून पाठवा. पावती मागा. वाढ मान्य नसल्याचे दोन ओळींचे पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती जपा. रागाने भाडे थांबवणे ही सर्वात मोठी चूक, कारण मग थकबाकीदार तुम्हीच ठरता.

आडनाव किंवा भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो पाहून "भाडे वाढले" असे सांगितले जाते, तेव्हा प्रश्न वेगळा होतो. 1917 मध्ये बडोद्याला बाबासाहेबांना ओळख लपवून पारशी धर्मशाळेत राहावे लागले आणि तिथूनही हाकलले गेले. आज अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला राहते घर सोडायला भाग पाडणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 3(1)(झेड) खाली गुन्हा आहे. 1990 च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतून आलेले बौद्धही त्या संरक्षणात येतात. पण पुरावा लागतो : शेजारच्या खोलीचे भाडे किती, ती वाढली का, बोलणे कोणासमोर झाले, हे तारखेसह लिहून ठेवा.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर घोडेगाव न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. अनुसूचित जाती-जमाती आणि स्त्रिया यांना 1987 च्या विधी सेवा कायद्याने उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. 15100 या क्रमांकावरही विचारता येते. जाताना करार, पावत्या आणि मालकाचे मेसेज सोबत न्या.