परातीतलं पाणी

चिंगे, ती पितळी परात इकडे आण आणि काठापर्यंत पाणी घाल. आता हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. पाण्यात दिवा दिसतोय ना? थांब हं... आली बघ एसटी! दिवा कसा थरथरला! गाडी रस्त्यावर, परात ओसरीवर. मग निरोप कोणी पोचवला? जमिनीने.

तुला वाटेल, एसटी गेली की जमीन गप्प. छे! १८७० च्या सुमारास इटलीत फ्लॉरेन्सला फादर बर्तेल्ली होते. त्यांनी लोलक टांगला आणि सूक्ष्मदर्शकातून तो वर्षानुवर्षं न्याहाळला. भूकंप नसतानाही लोलक आपला हलतोच!

हलवणारा कोण? मुख्यतः समुद्र. समोरासमोरून आलेल्या लाटा एकमेकींना भिडल्या की त्यांचा दाब थेट तळाला जातो. गंमत अशी, की लाटेच्या एका झुल्यात जमिनीचे दोन झुले होतात. लाट दहा सेकंदांची, तर जमिनीचं डुलणं पाच सेकंदांचं. हे कोडं लाँगेट-हिगिन्स नावाच्या शास्त्रज्ञांनी १९५० साली गणिताने उलगडलं. त्याआधी, १९३० साली, आपल्या मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतले सुधांशुकुमार बॅनर्जी यांनी हीच थरथर आपल्या समुद्रांवरच्या वादळी हवेशी ताडून दाखवली होती.

आता रात्री आजीचं बघ. पंखा खडखडत असतो, तरी बाळ नुसतं कुरकुरलं की ती उठते. पंख्याची खडखड तिला पाठ आहे ना! भूकंप टिपणाऱ्या केंद्रालाही तेच करावं लागतं: आधी आपल्या जागेची खडखड ओळखायची. यंत्र रात्रंदिवस नोंद करतं. त्या नोंदीचे तासातासाचे तुकडे पाडतात आणि प्रत्येकात भरभर थरथर किती, संथ डुलणं किती, ते मोजतात. भरभर थरथर बहुतेक माणसांची: ट्रक, रेल्वे, कारखाने. ती दिवसा वाढते, रात्री उतरते. संथ डुलणं समुद्राचं; त्याला ना रात्र, ना सुट्टी.

पीटरसन नावाच्या शास्त्रज्ञांनी जगभरच्या ७५ केंद्रांच्या नोंदींवरून १९९३ साली दोन रेषा आखून दिल्या. खालची अगदी शांत जागेची, वरची गोंगाटाची. आपली जागा वरच्या रेषेला टेकली, तर बारीक भूकंप त्या गलक्यात बुडालेच म्हणायचे. म्हणून यंत्र बसवायचं ते रस्त्यापासून लांब, पक्क्या कातळावर. झाडसुद्धा जवळ नको. वाऱ्याने ते डोललं की मुळं माती हलवतात!

आणि २०२० ची टाळेबंदी आठवते? माणसं घरात बसली, तशी जगभर ही भरभर थरथर उतरली. काही ठिकाणी तर निम्म्यावर आली.

चल, पाटी घे. झोपेपर्यंत दिवा जितक्यांदा थरथरेल, तितक्या रेघा ओढ. उद्या रविवार. उद्याही याच वेळी ओढ, आणि कोणत्या दिवशी रेघा कमी भरल्या ते मला सांग. काय गं, ही कुठली रेघ? आत्ता तर एसटी नव्हती. हां... आजीने खलबत्ता घेतला वाटतं!