संकटातील गाव आणि सेवाभावी स्वयंसेवक : आंजी (मोठी) परिसराचा अनुभव

विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा विषय निघाला की आपल्या धर्मग्रामांतून मदतीची तयारी तत्परतेने दाखविली जाते. उपवासकाळात जमलेला निधी कोठे पाठवावा, सुटीत तरुणांनी तेथे जाऊन नेमके काय करावे, असे प्रश्न आमच्याकडे येत असतात. या प्रश्नांचे उत्तर वर्धा जिल्ह्यातील एका गावाच्या आधारे शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

आंजी (मोठी) हे वर्धा तालुक्यातील, वर्धा-आर्वी मार्गावरील गाव. परिसरातील शेती मुख्यतः कोरडवाहू. कपाशी, तूर आणि सोयाबीन ही पिके. कोरडवाहू कपाशीचे गणित असे की बियाणे, खत आणि फवारणीचा खर्च जून ते सप्टेंबरमध्ये होतो, तर पैसा हाती येतो तो दिवाळीनंतर. मधल्या काळात पावसाने दडी मारली, बोंडअळी आली किंवा भाव पडला, तर कर्ज तसेच राहते आणि पुढच्या पेरणीला नवे कर्ज लागते. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशीचे असेच अतोनात नुकसान केले.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी वर्ध्यासह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. २००८ साली देशव्यापी कर्जमाफी झाली. परंतु तिचा पूर्ण लाभ दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांनाच होता आणि खासगी सावकाराचे कर्ज तिच्या कक्षेत येत नव्हते. कोरडवाहू भागात पाच-सात एकर जमीन असलेला माणूसही गरीबच असतो. तो या रेषेच्या पलीकडे पडला. पॅकेजची मोजणी कोटींत होते. गावातील संकट मात्र घराघरांत वेगळे असते. स्वयंसेवकाचे काम सुरू होते ते याच ठिकाणी.

आंजीचा उल्लेख आम्ही मुद्दाम करीत आहोत. गांधीजींच्या सहवासात घडलेल्या डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन केली. खादी, श्रमदान आणि सर्वधर्म प्रार्थना हा तेथील विद्यार्थ्यांच्या जीवनक्रमाचा भाग आहे. प्रत्येक तुकडी एखादे गाव दत्तक घेते, तेथे शिबिर करते आणि विद्यार्थ्यांकडे काही कुटुंबे सोपविली जातात. याच संस्थेचे ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र आंजी येथे आहे.

या संस्थेतील डॉ. उल्हास जाजू यांनी सेवाग्रामच्या आसपासच्या गावांत ज्वारीच्या वर्गणीवर चालणारी आरोग्य विमा योजना उभी केली. सुगीनंतर प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची. जमीनदाराने जमिनीच्या प्रमाणात अधिक, मजुराने कमी. आजारपणात मात्र दोघांनाही रुग्णालयात सारखीच वागणूक. शिवाय गावातील बहुसंख्य घरे सामील झाल्याशिवाय गावाला योजनेत प्रवेश नव्हता. म्हणजे शेजाऱ्याला समजावण्याची जबाबदारीही गावावरच आली. पैसा नसलेल्या घरात सुगीच्या दिवसांत धान्य असते, ही साधी गोष्ट कार्यालयात बसून सुचत नाही. ज्याने पायलीभर ज्वारी दिली आहे, तो रुग्णालयात याचक म्हणून जात नाही. मदत घेणाऱ्याचा मान राखण्याचे याहून सोपे साधन आमच्या पाहण्यात नाही.

पुढे २००३ ते २००८ या काळात आंजी, गौळ आणि तळेगाव या तीन प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रातील ६७ गावांत याच संस्थेने माता व बालकांच्या आरोग्याचा प्रकल्प राबविला. त्याला आगा खान फाउंडेशनचे सहकार्य होते. ही संस्था इस्माइली मुस्लिमांचे धर्मप्रमुख आगा खान यांनी १९६७ साली स्थापन केली. गांधीविचारांची संस्था, इस्माइली बांधवांचे सहकार्य आणि विदर्भातील खेडी! येथेही बचत गट, किशोरी पंचायत आणि गाव समन्वय समिती यांच्या हाती काम सोपविण्यावर भर होता, कारण प्रकल्पाची मुदत संपते. गाव तेथेच राहते.

आमच्या संस्था याबाबतीत कधी कधी घाई करतात, हे येथे नमूद करणे भाग आहे. एखाद्या गावात दहा शिलाई यंत्रांचे वाटप होते, छायाचित्र निघते आणि मंडळी परततात. शे-दोनशे घरांच्या गावात दहा शिंपिणींनी कपडे शिवायचे तरी कोणाचे? दयाळू शोमरोनी माणसाच्या दाखल्यातील जखमांवर तेल व द्राक्षारस ओतण्याचा प्रसंग सर्वांच्या स्मरणात असतो. परंतु तो पुढे जखमीला धर्मशाळेत नेतो, दुसऱ्या दिवशीच्या खर्चाची सोय करतो आणि परत येताना उरलेला हिशेब पुरा करण्याचे वचन देतो. या दुसऱ्या भागावर प्रवचने कमी होतात.

आता मनाच्या जखमेविषयी. २०११ नंतरच्या काही वर्षांत शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा मानसिक आरोग्य प्रकल्प चालविण्यात आला. गावातीलच साध्या कार्यकर्त्यांना नैराश्य ओळखण्याचे व धीर देण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. त्यांच्या मागे समुपदेशक आणि त्यांच्याही मागे मानसोपचारतज्ज्ञ अशी साखळी होती. नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले आणि वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आलेल्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २०१७ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शासनाचा 'प्रेरणा प्रकल्प'ही वर्ध्यासह १४ जिल्ह्यांत आशा कार्यकर्त्यांच्या साहाय्याने याच दिशेने सुरू झाला. तेव्हा आपल्या स्वयंसेवकाने मानसोपचारतज्ज्ञ होण्याची गरज नाही. त्याने ओट्यावर बसून ऐकावे, उपदेश आवरावा, आणि माणूस खचला आहे असे दिसताच गावातील आशाताईंना व आरोग्य केंद्राला कळवावे. 'टेलि-मानस' या शासकीय सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक घरात लिहून ठेवावा. 'मरणाचा विचार मनात येतो का?' असे आपुलकीने विचारल्याने तो विचार रुजत नाही. उलट मनावरचे ओझे हलके होते, असे तज्ज्ञ सांगतात.

धर्मभावनेने जाणाऱ्यांना येथे एक अडचण हमखास येते. आत्महत्या हे पाप, हा संस्कार मनात घट्ट असतो आणि तो शोकाकुल घरात नकळत तोंडावाटे बाहेर पडतो. १९१७ च्या ख्रिस्तसभेच्या कायद्यात हेतुपुरस्सर आत्महत्या करणाऱ्यास धार्मिक अंत्यविधी नाकारला जात असे. १९८३ च्या कायद्यात ती तरतूद राहिलेली नाही. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ जीवन हे परमेश्वराचे दान मानतो; त्याच वेळी तीव्र मनोव्यथा, भय व यातना यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, हेही सांगतो. अशा व्यक्तींच्या तारणाविषयी निराश होऊ नये, अशी त्याची शिकवण असून ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. देशाच्या कायद्यानेही तशीच वाट धरली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले आहे.

मागे राहिलेल्या पत्नीची वाट अधिक खडतर असते. २००६ पासून पात्र ठरलेल्या प्रकरणात कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात; त्यांपैकी ३० हजार हाती, तर ७० हजार ठेवीच्या स्वरूपात. पात्रतेसाठी जमीन कोणाच्या नावे, कर्ज कोणत्या संस्थेचे, ते थकले होते काय, हे पाहिले जाते. जमीन मक्त्याने केली असेल किंवा कर्ज सावकाराचे असेल, तर अनेकदा कागद अपुरा पडतो. १९५६ च्या वारसा कायद्यानुसार हिंदू विधवा पहिल्या वर्गातील वारस आहे. तरीही सातबाऱ्यावर तिचे नाव चढतेच असे नाही आणि नाव नाही तर पीककर्ज नाही. येथे अर्ज लिहून देणारा, वारस नोंदीसाठी तिच्याबरोबर महसूल कार्यालयात जाणारा आणि दुसऱ्या खेपेलाही येणारा सुशिक्षित तरुण हवा असतो. हे काम छायाचित्रात दिसत नाही. पण ज्या घरी असा कोणी आला, त्या घरची मुले शाळेत टिकण्याची शक्यता आम्हांस अधिक वाटते.

 वर्धा जिल्ह्यातील खेड्यांत कॅथोलिकांची वस्ती तुरळक आहे. म्हणजे आपला स्वयंसेवक जवळजवळ नेहमीच अन्यधर्मीयांच्या अंगणात पाहुणा असतो. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००५ च्या आपल्या परिपत्रकात सेवाकार्य हे धर्मांतराचे साधन होऊ नये, असे स्पष्ट केले आणि सेवकाला कौशल्याबरोबरच हृदयाचेही शिक्षण हवे, असे म्हटले. गावकऱ्यांनी 'तुम्ही कशासाठी आलात?' असे विचारले तर रागावू नये. तो त्यांचा हक्क आहे आणि उत्तर सरळ द्यावे.

ज्यांना जायचे आहे त्यांनी प्रथम संबंधित धर्मप्रांताच्या समाजसेवा संस्थेशी बोलावे आणि स्वतंत्र मोहीम काढण्याऐवजी चालू असलेल्या कामाला जोडून घ्यावे. उन्हाळी सुटी सोयीची असली तरी मे अखेर ते जून हा पेरणीच्या पैशांच्या विवंचनेचा काळ, म्हणून तेव्हा जाणाऱ्यांनी पाहुणचाराचा भार कुटुंबावर टाकू नये. शिधा बरोबर न्यावा. दुसरी भेट पोळ्याच्या सुमारास आणि तिसरी कापूस वेचणी आटोपल्यावर ठेवावी. त्याच घरांत, शक्यतो त्याच तरुणांनी जावे.